सहकारी बँकेतील अपहार: ठेवीदाराने आधी काय पडताळावे आणि निर्बंध आल्यावर काय करावे

पुण्यात सहकारी बँकेत ठेव ठेवणे हा अनेक घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे. शाखाधिकारी नावाने ओळखतो, रोखपाल आजोबांची चौकशी करतो आणि संचालकांपैकी एखादा आपल्याच पेठेत राहतो, एवढ्या गोष्टी विश्वास बसायला पुरेशा वाटतात. याच शहरात 1912 मध्ये स्थापन झालेल्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे पैसे काढण्यावर मर्यादा आली, आणि परवाना रद्द करण्याचा आदेश ऑगस्ट 2022 मध्ये निघाला. मधली साडेनऊ वर्षे हजारो ठेवीदारांनी तिष्ठत काढली. त्यापूर्वी सुवर्ण सहकारी बँक अडचणीत येऊन 2009 मध्ये इंडियन ओव्हरसीज बँकेत विलीन झाली होती. शिवाजीराव भोसले सहकारी बँकेचा परवाना मे 2021 मध्ये, तर पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा ऑक्टोबर 2022 मध्ये रद्द झाला. प्रत्येक बँकेच्या पडझडीची कारणे वेगवेगळी होती आणि प्रत्येक ठिकाणी अपहारच झाला असे म्हणता येणार नाही. तरीही बँक आतून पोखरली जाते तेव्हा ती कशी पोखरली जाते, याची माहिती असलेला ठेवीदार वेळेवर सावध होऊ शकतो. गेली काही वर्षे ओळखीच्या ज्येष्ठांना ठेव विम्याचे अर्ज भरून देताना ज्या गोष्टी वारंवार समोर आल्या, त्या येथे क्रमाने मांडत आहे.

पैसा आतून कसा जातो

सर्वांत साधा मार्ग तिजोरीतील रोकडीचा आहे. रोज संध्याकाळी हिशेबातील रोख शिल्लक आणि प्रत्यक्ष मोजलेली रोकड जुळवायची असते, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असायच्या असतात आणि अधूनमधून तिसऱ्याच माणसाने अचानक येऊन रोकड मोजायची असते. दोन्ही किल्ल्या एकाच्याच हाती गेल्या, किंवा मोजणाऱ्याने न मोजताच सही केली, तर कागदावरील शिल्लक आणि तिजोरीतील शिल्लक यांचा संबंध उरत नाही. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने तपासणी केली, तेव्हा 122 कोटी रुपयांची रोकड कमी असल्याचे आढळले आणि बँकेच्याच महाव्यवस्थापकावर गुन्हा दाखल झाला. शिवाजीराव भोसले बँकेच्या प्रकरणातही रोख शिलकेत 71 कोटींहून अधिक तफावत असल्याची फिर्याद लेखापरीक्षणानंतर नोंदवली गेली. एवढी रोकड एका दिवसात बाहेर जात नाही. ती महिनोन्‌महिने थोडी थोडी जाते आणि तेवढा सगळा काळ कोणीतरी जुळणीच्या कागदावर सही करत असते.

दुसरा मार्ग कर्जांचा आहे आणि रकमेच्या दृष्टीने तोच अधिक विनाशकारी ठरतो. संचालकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीतील एकाच गटाला वेगवेगळ्या नावांनी कर्जे दिली जातात. तारण म्हणून दाखवलेल्या जमिनीचे मूल्यांकन फुगवलेले असते. जुने कर्ज थकले की नव्या नावाने कर्ज मंजूर करून त्यातून जुन्याचे हप्ते भरले जातात, त्यामुळे थकबाकी दिसतच नाही. ज्याच्या नावाने कर्ज काढले, त्या बिचाऱ्याला अनेकदा त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याने कधीकाळी जामीनदार म्हणून दिलेली कागदपत्रे बँकेच्या फायलीत पडून असतात. सोनेतारणात मूल्यांकन करणारा सराफ सामील असला, तर खोटे दागिने खरे ठरवून पिशवीला सील लावले जाते.

तिसरा मार्ग लहान, पण सामान्य माणसाला थेट झळ पोहोचवणारा आहे. ठेवीदाराला मुदत ठेवीची पावती हातात मिळते, पण ती रक्कम बँकेच्या लेजरमध्ये, म्हणजे खातेवहीत, चढतच नाही. किंवा दैनिक ठेव गोळा करणारा पिग्मी एजंट दुकानदाराच्या कार्डावर 200 रुपये लिहितो आणि बँकेत 100 भरतो. मंडईतील भाजीविक्रेते, रिक्षाचालक, टपरीवाले यांची बचत बहुधा अशाच खात्यांत असते आणि रोजच्या धावपळीत तपासणी करायला त्यांना वेळ नसतो.

ताळेबंदावर किती विसंबावे

ठेवीदारांना सर्वसाधारणपणे असा सल्ला दिला जातो की निव्वळ अनुत्पादक कर्जांचे (तरतूद वजा जाता उरलेल्या थकीत कर्जांचे) प्रमाण पाहा, भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल किती ते) पाहा, नफा पाहा. हे आकडे अवश्य पाहावेत. निव्वळ अनुत्पादक कर्जे 6 टक्क्यांच्या वर गेली असतील, सलग दोन वर्षे तोटा असेल किंवा भांडवल पर्याप्तता 9 टक्क्यांच्या खाली घसरली असेल, तर मुदत संपताच ठेव काढून घ्यावी, यात दुमत नसावे. परंतु ज्या बँकेत आतूनच अपहार चालू आहे, त्या बँकेचे आकडे अपहार करणाऱ्यांच्याच देखरेखीखाली तयार होतात, ही गोष्ट विसरता कामा नये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने, म्हणजेच पीएमसी बँकेने, 2018-19 या वर्षासाठी जवळपास 100 कोटी रुपयांचा नफा आणि 2.19 टक्के निव्वळ अनुत्पादक कर्जे जाहीर केली होती. सप्टेंबर 2019 मध्ये बँकेवर निर्बंध आले आणि तिच्या एकूण कर्जांपैकी सुमारे 73 टक्के कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. ही कर्जे लपवण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवण्यात आल्याचे तपासात पुढे आले. असा ताळेबंद वाचून सामान्य ठेवीदारालाच काय, जाणत्या माणसालाही शंका आली नसती.

म्हणून माझा आग्रह असा आहे की ताळेबंद वाचावा, पण भिस्त त्या नोंदींवर ठेवावी ज्या बँकेच्या बाहेर कुठेतरी उमटतात आणि ज्या आपल्याला स्वतः पडताळता येतात.

वर्षातून एक दिवस पडताळणीसाठी

पहिली पडताळणी मुदत ठेवींची. हातातील सर्व पावत्या समोर ठेवून बँकेकडे आपल्या ग्राहक क्रमांकाखालील सर्व ठेवींचे विवरण लेखी अर्ज करून मागावे. ते शिक्का व सहीसह मिळावे, आणि शक्य असेल तर ज्या शाखेत ठेव आहे तिच्याऐवजी दुसऱ्या शाखेतून किंवा मुख्य कार्यालयातून घ्यावे, कारण गडबड असलीच तर ती बहुधा एका शाखेपुरती असते. पावतीवरील क्रमांक, रक्कम, व्याजदर आणि मुदत संपण्याची तारीख या चारही गोष्टी विवरणाशी जुळल्या पाहिजेत. एखादी पावती विवरणात दिसत नसेल आणि 'संगणकात अजून चढली नाही' असे उत्तर मिळाले, तर त्याच दिवशी मुख्य कार्यालयाला पत्र देऊन पोच घ्यावी.

दुसरी पडताळणी आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणाची, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. बँक आपल्याला दिलेल्या व्याजाची माहिती पॅन क्रमांकासह आयकर विभागाला कळवते. 15 एच अर्ज देऊन करकपात टाळली असली, तरी व्याजाची नोंद तिथे येणे अपेक्षित असते. पावतीवर ठेव आहे, पण तिच्या व्याजाचा एआयएसमध्ये मागमूस नाही, असे आढळले तर दोन शक्यता उरतात. एकतर पॅनची नोंद चुकली आहे, किंवा ती ठेव बँकेच्या पुस्तकात नाही. बहुतेक वेळा पहिलीच शक्यता खरी निघते, पण खात्री करून घेतल्याशिवाय सोडू नये. ही तपासणी फार थोडे लोक करतात. मला ती सर्वांत उपयोगी वाटते, कारण शाखेतील माणसाला पावती छापता येते, पासबुकात नोंद करता येते, पण आयकर विभागाच्या विवरणात हात घालता येत नाही.

तिसरी पडताळणी आपल्या नावावर आपण न घेतलेले कर्ज आहे का, याची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य द्यावा लागतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. दर तीन महिन्यांनी एकीचा अहवाल काढला, तर वर्षभर लक्ष राहते. ज्यांनी कोणा नातेवाइकाला किंवा सोसायटीतील शेजाऱ्याला जामीन राहण्यासाठी कागद दिले आहेत, त्यांनी हे न चुकता करावे.

पिग्मी खाते असेल तर एजंटाच्या यंत्रातून निघालेली चिठ्ठी आणि मोबाइलवर येणारा संदेश रोज पाहावा, आणि महिन्यातून एकदा स्वतः शाखेत जाऊन पासबुक भरून घ्यावे. खात्याला एजंटाचाच किंवा त्याच्या ओळखीच्या कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला नाही ना, हेही पाहावे. अशिक्षित किंवा वृद्ध खातेदारांच्या बाबतीत हा प्रकार घडतो.

सभासद असाल तर

कर्ज घेताना बहुतेकांनी बँकेचे भाग घेतलेले असतात आणि त्यामुळे ते सभासद असतात, पण वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन चहा-नाश्ता करून परत येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 नुसार सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. वार्षिक अहवाल सभेपूर्वी मिळतो. त्यात नफा-तोटा पत्रकापेक्षा परिशिष्टांकडे अधिक लक्ष द्यावे. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जांचा तपशील तिथे असतो. रिझर्व्ह बँकेने 2003 पासून नागरी सहकारी बँकांना अशी कर्जे देण्यास मनाई केली आहे, तेव्हा तिथे मोठी रक्कम दिसली तर प्रश्न विचारलाच पाहिजे. वैधानिक लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यांवरील दोषदुरुस्ती अहवाल, शाखा समायोजन खात्यातील (शाखाशाखांमधील व्यवहारांच्या खात्यातील) न जुळलेल्या नोंदी, अनामत खात्यात (कोणत्या खात्यात टाकायच्या ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यात) वर्षानुवर्षे पडून असलेल्या रकमा आणि एकूण ठेवींच्या मानाने हातातील रोकड असामान्यपणे जास्त असणे, या जागा नीट वाचाव्यात. शाखांची संख्या तीच, व्यवसाय तेवढाच, पण रोख शिल्लक दुप्पट झाली असेल, तर ती रोकड कोणी मोजली, कोणत्या तारखेला मोजली आणि किती शाखांत अचानक मोजली, असा प्रश्न सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्यावा. तोंडी विचारलेला प्रश्न घोषणांत विरून जातो आणि इतिवृत्तात येत नाही.

बँकेला लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळाला आहे, असा फलक शाखेत पाहून समाधान मानू नये. तो वर्ग लेखापरीक्षकासमोर ठेवलेल्या कागदांवरून दिलेला असतो.

पाच लाखांची मर्यादा नीट समजून घ्या

ठेव विमा व पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती आणि ती 1993 पासून तशीच होती. मर्यादा बँकेनुसार आहे, शाखेनुसार नाही. कोथरूडच्या शाखेत 4 लाख आणि हडपसरच्या शाखेत 4 लाख ठेवले तरी संरक्षण 5 लाखांचेच राहते. बचत, चालू, मुदत आणि आवर्ती अशा सर्व खात्यांची बेरीज होते. दुकान एकट्याच्या मालकीचे असेल, तर दुकानाच्या नावाचे चालू खाते आणि मालकाचे वैयक्तिक खाते एकत्रच धरले जाते. मात्र संयुक्त खाते वेगळे धरले जाते, आणि नावांचा क्रम वेगळा असलेली संयुक्त खाती एकमेकांपासूनही वेगळी धरली जातात. अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, मुलाच्या वतीने पालक म्हणून उघडलेले खातेही वेगळे असते. व्याज मुद्दलात मिसळून मिळणाऱ्या ठेवीत आज साडेचार लाख ठेवले, तर दोन वर्षांनी ती रक्कम मर्यादेच्या पलीकडे गेलेली असेल, हेही लक्षात घ्यावे. भागांची रक्कम विम्यात येत नाही, कारण ती ठेव नसून भांडवल आहे.

पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण मुळीच नाही. पाटीवर 'सहकारी' आणि 'पत' हे शब्द असले की लोक ती बँकच समजतात. अशा संस्थेत अपहार झाला तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा 1999 चा महाराष्ट्राचा कायदा, ज्याला एमपीआयडी म्हणतात, त्याचा आधार घेता येतो, पण त्यात मालमत्ता जप्त होऊन विकली जाईपर्यंत वर्षे लोटतात.

गृहनिर्माण सोसायट्यांनी या बाबतीत विशेष जागरूक राहिले पाहिजे. पुण्यातील अनेक सोसायट्यांचा दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी) जवळच्या एकाच सहकारी बँकेत, पाऊण टक्का व्याज जास्त मिळते म्हणून, ठेवलेला असतो. सोसायटीत 120 घरे असली तरी विम्याच्या दृष्टीने ठेवीदार एकच असतो. 80 लाखांच्या निधीपैकी 5 लाखांनाच संरक्षण मिळते. पीएमसी बँक जानेवारी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या विमा नसलेल्या रकमेचा 80 टक्के भाग 1 टक्का लाभांशाच्या प्राधान्य समभागांत, म्हणजे रोख रकमेऐवजी बँकेच्या भांडवलात, बदलला गेला. लिफ्ट बदलायला किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायला अशा समभागांचा काय उपयोग, हे सोसायटीच्या सचिवाने पुढच्या सभेत सभासदांसमोर मांडावे आणि निधी निरनिराळ्या बँकांत विभागण्याचा ठराव करून घ्यावा.

निर्बंध आल्याचे कळल्यावर

रिझर्व्ह बँक बँकिंग विनियमन अधिनियमाच्या कलम 35अ खाली निर्देश काढते आणि त्यांची प्रत शाखेच्या दारावर लागते. त्या दिवशी शाखेसमोर रांग लावून फारसे साधत नाही. निर्देशात पैसे काढण्याची मर्यादा दिलेली असते आणि शाखेतील कर्मचाऱ्याला ती ओलांडण्याचा अधिकार नसतो. पीएमसीच्या वेळी सुरुवातीला सहा महिन्यांसाठी अवघे 1,000 रुपये काढता येत होते. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने 1 लाखापर्यंत गेली. काउंटरवरील कर्मचाऱ्यावर संताप काढू नये, कारण बहुतेक वेळा त्याचीही आयुष्यभराची बचत त्याच बँकेत असते.

पहिल्या आठवड्यात खरे काम निराळेच असते. त्या खात्यात येणारे निवृत्तिवेतन, पगार, घरभाडे, शासकीय अनुदान ताबडतोब दुसऱ्या बँकेकडे वळवावे. त्या खात्यातून जाणारे गृहकर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंडाचे एसआयपी यांच्यासाठी नवी सूचना द्यावी, नाहीतर हप्ता चुकला म्हणून दंड भरावा लागतो आणि पतमानांकन खराब होते. त्या बँकेचे दिलेले, पण अजून न वटलेले धनादेश कोणाकोणाकडे आहेत, त्यांना कळवावे. नेट बँकिंग चालू असेल तोवर मागील सर्व वर्षांचे खातेउतारे उतरवून घ्यावेत. पावत्यांच्या दोन्ही बाजूंच्या छायाप्रती काढाव्यात आणि मूळ पावती सही करून कोणाच्याही हवाली करू नये. 'विलीनीकरणापूर्वी नूतनीकरण करून देतो' म्हणून पावत्या गोळा करणारे लोक अशा वेळी हमखास फिरतात.

त्याच बँकेचे कर्जही आपल्यावर असेल, तर हप्ते थांबवू नयेत. बँक बुडाली म्हणून कर्ज माफ होत नाही. विम्याची रक्कम ठरवताना आपले देणे वजा केले जाऊ शकते, आणि निर्देशांत तशी मुभा असल्यास ठेवीतून कर्ज फेडण्याचा अर्ज करता येतो. पाच लाखांहून अधिक ठेव आणि त्याच बँकेचे कर्ज अशी परिस्थिती असलेल्या ठेवीदाराने हा अर्ज पहिल्याच दिवसांत द्यावा, कारण विम्याबाहेर पडणारी रक्कम वाचवण्याचा तो जवळजवळ एकमेव मार्ग असतो.

दावा आणि त्यापुढे

ठेव विम्याच्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागू झाल्यापासून 90 दिवसांच्या आत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. त्यांपैकी 45 दिवसांत बँकेने दावेदारांची यादी महामंडळाला द्यायची, पुढील 30 दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि शेवटच्या 15 दिवसांत पैसे द्यायचे. बँकेच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव असल्यास ही मुदत आणखी 90 दिवस वाढू शकते. रुपी बँकेच्या काळात ही तरतूद आधीपासून असती, तर कितीतरी ज्येष्ठ नागरिकांना औषधपाण्यासाठी हात पसरावे लागले नसते.

पैसे आपोआप येत नाहीत. ठेवीदाराने बँकेकडे संमतिपत्र, ओळखीचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतील खात्याचा तपशील द्यावा लागतो. अर्ज नाकारले जाण्याची किंवा लांबण्याची कारणे क्षुल्लक असतात. आधारवर 'विठ्ठलराव' आणि पासबुकात 'विठ्ठल', लग्नापूर्वीच्या नावाची जुनी पावती, केवायसी कालबाह्य झालेली, संयुक्त खात्यातील एका खातेदाराचे निधन झालेले पण बँकेला न कळवलेले, अशी ती कारणे. आमच्या भागातील एका निवृत्त शिक्षिकेची रक्कम केवळ पतीचे नाव खात्यातून कमी न केल्यामुळे कित्येक महिने अडकून पडली होती. वारस नोंद आजच करून ठेवावी. नोव्हेंबर 2025 पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते.

बँकेने अर्जाला दाद दिली नाही, तर लेखी तक्रारीनंतर 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. 14448 हा संपर्क क्रमांक त्यासाठीच आहे. अपहाराची माहिती किंवा पुरावा हाती असेल, म्हणजे आपल्या नावावर न घेतलेले कर्ज किंवा लेजरमध्ये न चढलेली पावती, तर फिर्याद पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे द्यावी. बँकरने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. फिर्यादीत कोणावर संशय आहे यापेक्षा कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणत्या पावतीने दिली, हे नेमके लिहावे.

संचालकांकडून वसुलीचा मार्ग सहकार खात्यातून जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 83 खाली चौकशी होते आणि कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी व्यक्तिशः निश्चित केली जाते. ही प्रक्रिया संथ आहे, अपिलांत अडकते आणि एकट्या ठेवीदाराच्या पाठपुराव्याने पुढे सरकत नाही. पन्नास-शंभर ठेवीदारांनी एकत्र येऊन एकाच वकिलामार्फत नव्या मध्यवर्ती इमारतीतील सहकार आयुक्त कार्यालयात प्रत्येक सुनावणीला हजर राहिले, तर निदान तारीख पुढे ढकलण्यापूर्वी कोणालातरी कारण सांगावे लागते.

परवाना रद्द झाला की अवसायक नेमला जातो. तो कर्जवसुली करतो, इमारती विकतो आणि जमलेल्या पैशांतून आधी महामंडळाने दिलेली विम्याची रक्कम परत करतो. पाच लाखांवरील ठेवीदारांची पाळी त्यानंतर येते आणि त्यात किती वर्षे जातील ते वसुलीवर अवलंबून असते. या काळात घर बदलले, मोबाइल क्रमांक बदलला किंवा मूळ ठेवीदाराचे निधन झाले, तर अवसायकाच्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी आणि ती पोच मूळ पावतीसोबत, घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असलेल्या जागी ठेवावी.